व्हाळावरच्या पाईपला प्लास्टर: एका तात्पुरत्या दुरुस्तीचं प्रकरण

कणकवली तालुक्यातल्या एका वाडीत पाच घरांचं पाणी डोंगरातल्या झऱ्यावरून येतं. सड्याच्या उताराला जांभ्या दगडाची लहानशी कुंडी बांधलेली आहे. तिच्या तोंडाला जाळी, आणि तिथून एक इंची काळा एचडीपीई (पॉलिथिलीन प्लॅस्टिकचा) पाईप रानातून, गडग्याच्या कडेने खाली उतरतो. लांबी साधारण चारशे मीटर. पंप नाही, विजेचं बिल नाही, नळयोजनेची वाट बघणं नाही. कोकणात अशा लाईनी वाडीवाडीत आहेत आणि त्यांची देखभाल ज्याला जमेल तो करतो.

या लाईनीत एकच जागा काळ्या पाईपची नाही. झऱ्यापासून सव्वाशे मीटरवर ती एक व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडते. पावसात व्हाळ लाकडं, फांद्या, दगड घेऊन येतो, म्हणून तिथे जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाईपच्या, सहा-सहा मीटरच्या दोन लांब्या सॉकेटने (आत आटे असलेल्या आखूड जोडनळीने) जोडून टाकल्या आहेत. दोन्ही काठांवर जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे खांब आणि मधोमध, बरोबर सॉकेटखाली, तिसरा खांब. गणपतीच्या तोंडावर फुटलं ते इथेच.

फुटलं म्हणजे काय, हे आधी नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. जुलैच्या पुरात मधल्या खांबाचे वरचे दोन चिरे गेले. पाईप तिथे अधांतरी राहिला. एक इंची जीआयची एक लांबी पाण्यासकट अठरा किलोच्या आसपास भरते. अशा दोन लांब्यांचा भार मधल्या सॉकेटवर आला आणि पाईपला तिथे बोटभर झोल पडला. जीआय पाईप सर्वांत कमजोर असतो तो आटे पाडलेल्या जागी. आटे पाडताना वरचा जस्ताचा थर कापला जातो आणि पत्र्याची जाडीही निम्म्यावर येते. गंज तिथेच सुरू होतो. सॉकेटच्या तोंडाशी, शेवटच्या उघड्या आट्यात, खालच्या बाजूने अर्ध्या घेराची चीर गेली होती.

वाडीतल्यांनी करायचं ते केलं होतं. सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली, वरून सुंभ आवळलं. महाराष्ट्रातला प्रत्येक गळका पाईप कधी ना कधी हे नेसलेला असतो, आणि उपाय वाईट नाही. एक रात्र टिकला. मग पट्टीखालून पुन्हा धार लागली. अजून घट्ट बांधली, तरी तेच. काका म्हणाले, "दिवसा बरा चलता, राती मात्र पिचकारी उडता."

हे वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. मी मुंबईत इमारतींच्या देखभालीचं काम करतो. गळती कधी वाढते हे सांगणारा माणूस भेटला की अर्धं निदान झालेलं असतं.

रात्री पिचकारी का

पुतण्याच्या मनगटावर ट्रेकिंगचं घड्याळ होतं, उंची दाखवणारं. अगदी मापात नसलं तरी अंदाजाला पुरे. कुंडीपासून व्हाळ बारा मीटर खाली, आणि घरं पस्तीस मीटर खाली. दहा मीटर पाण्याच्या उंचीला साधारण एक किलो दर चौरस सेंटीमीटर दाब असतो. म्हणजे खालचे सगळे नळ बंद असले की व्हाळावरच्या सांध्यावर सव्वा किलोच्या जवळपास दाब, आणि घराच्या नळाशी साडेतीन.

पण पाणी वाहत असतं तेव्हा चित्र वेगळं असतं. उंचीतून मिळालेला दाब पाईपच्या घर्षणात वाटेत खर्च होत जातो. खालचं टोक पूर्ण मोकळं असेल तर चारशे मीटरमध्ये पस्तीस मीटरची उंची संपते. त्या हिशेबाने सव्वाशे मीटरवर अकरा मीटर संपलेली असते. व्हाळाशी उरते जेमतेम एक मीटर. नळ बंद असतानाच्या दाबाचा हा दहावा हिस्सा झाला.

दिवसभर पाच घरांत कोणाचा ना कोणाचा नळ चालू. रात्री टाक्या भरतात, बॉलकॉक वर येतात, लाईन जागच्या जागी थांबते आणि पूर्ण दाब सांध्यावर बसतो. पिचकारीचं कारण एवढंच.

दुसरी गोष्ट व्हाळात उभं राहून दिसली. प्रवाहात येणारी फांदी पाईपला घासून गेली की सांधा हलायचा आणि चिरेतलं पाणी त्याच तालावर कमी-जास्त व्हायचं. म्हणजे ट्यूबची पट्टी सैल नव्हती. तिच्या खालचं लोखंड हलत होतं. हलत्या चिरेवर रबर कितीही आवळा, ते तासागणिक आपली जागा सोडतं.

तेव्हा दुखणी दोन होती: गळणं आणि हलणं. ट्यूब पहिल्यावर उपाय करत होती, दुसऱ्यावर कोणीच करत नव्हतं.

हाताशी काय होतं

खरा उपाय म्हणजे ती लांबी बदलणं. त्यासाठी सहा मीटरचा पाईप पायवाटेने वर न्यायचा, आटे पाडायची डाय आणायची आणि प्लंबर आणायचा. प्लंबरने फोनवरच सांगितलं, "गौरी गेल्याशिवाय माका येऊक जमाचा नाय." त्याचंही बरोबर होतं, त्याच्याही घरी गणपती. आणि इकडे पाच घरांत चाकरमानी भरलेले, प्रत्येक घरात माणसं दुपटीहून जास्त. विहीर होती, पण एवढ्या माणसांचं पाणी कळशीने ओढायचं म्हणजे घरातल्या बायकांचा सगळा सण रहाटावर जाणार.

एम-सील दुकानात मिळत होतं. पण नुसतं एम-सील हलणाऱ्या, ओल्या चिरेवर लावणं फुकट. ते कडक होईपर्यंत जागा कोरडी आणि स्थिर लागते, आणि कडक झाल्यावर ते ठिसूळ असतं. पाईप वाकला की त्याला तडा जातो.

पुतण्या ट्रेकला जातो. त्याच्या सॅकमध्ये कडक होणाऱ्या पट्टीचं एक पाकीट होतं. रुंदी दोन इंच, लांबी पन्नास इंच. काठी मोडली, तंबूचा दांडा गेला तर म्हणून घेतलेलं. काकांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "हाडाक घालतत ता प्लास्टर पायपाक घालतंस?"

नेमकं तेच आहे ते. हाडावर ओलं प्लास्टर ऑफ पॅरिस लावलेली कापडी पट्टी गुंडाळायची पद्धत डच लष्करी डॉक्टर अँटोनियस माथेइसन यांनी १८५२ च्या सुमारास रूढ केली. १९८० च्या आसपास तिच्या जागी काचेच्या धाग्याची, रेझिन मुरवलेली पट्टी येऊ लागली. आपल्याकडे तिला 'फायबरचं प्लास्टर' म्हणतात. तीच कल्पना पाईप, दांडे, हत्यारांच्या मुठी यांच्या दुरुस्तीसाठी बाजारात आली. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या 'शार्क टँक' कार्यक्रमात अशी एक पट्टी दाखवली गेली तेव्हापासून ती बऱ्याच घरांत ठाऊक झाली.

आतली करामत रेझिनमध्ये आहे. विणलेल्या काचेच्या पट्टीत अर्धवट तयार झालेलं पॉलियुरेथेन मुरवलेलं असतं. त्याच्या साखळ्यांच्या टोकांना आयसोसायनेट गट मोकळे ठेवलेले असतात. पाणी लागलं की हे गट पाण्याशी अभिक्रिया करतात, थोडा कार्बन डायऑक्साइड सुटतो, साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि पट्टी गरम होत होत कडक होते. म्हणून ती धातूच्या पातळ पाकिटात हवाबंद येते. पाकिटाला टाचणीएवढं भोक पडलं तरी हवेतल्या दमटपणावर आतली गुंडाळी गोठून बसते. विकत घेताना आणि वापरण्याआधी पाकीट दाबून पाहायचं. आतलं रीळ मऊ लागलं तर जिवंत, दगड लागलं तर गेलं.

आता यातली एक बाब जाहिरातीत कुठे येत नाही. हाडाच्या पट्टीची वीण मुद्दाम मोकळी ठेवलेली असते, कातडीला हवा लागावी म्हणून. दुरुस्तीच्या पट्टीत रेझिन जास्त असतं, वीण दाट असते, तरी शेवटी ते विणलेलं कापडच. कडक होताना सुटणारा वायू त्यात बारीक बुडबुडे ठेवून जातो. दाबाखालच्या पाण्याला एवढी वाट पुरते. त्यामुळे ही पट्टी पाणी अडवेल या भरवशावर गुंडाळणाऱ्याची निराशा ठरलेली. पाणी अडवायचं काम एम-सील आणि रबराचं. त्या दोघांना जागेवर दाबून धरायचं आणि सांध्याला हलू द्यायचं नाही, हे काम पट्टीचं. आमच्या पाईपला नेमकी याचीच उणीव होती, म्हणून पट्टी वापरायचं ठरवलं. नुसतंच गळणं असतं, सांधा घट्ट असता, तर मी ट्यूब आणि एम-सीलवर थांबलो असतो आणि पाकीट सॅकमध्येच राहू दिलं असतं. एका पाकिटाच्या पैशांत एम-सीलची कितीतरी पाकिटं येतात.

काळा पाईप फुटला असता तर प्रश्नच नव्हता. पट्टी तिथे चालतच नाही. पॉलिथिलीनला रेझिन चिकटत नाही. घासा, खरवडा, पकड येते ती केवळ आवळल्याची. शिवाय काळा पाईप उन्हाने ताणतो आणि आकसतो. शंभर मीटर पाईपचं तापमान वीस अंशांनी बदललं तर त्याची लांबी चाळीस सेंटीमीटरच्या घरात बदलते. ऑक्टोबरच्या उन्हात हा पाईप रानात सापासारखा वळलेला दिसतो तो त्यामुळेच. त्याच्यावर कडक कवच चढवलं तर कवचाच्या कडेशी नवी चीर पडेल. काळ्या पाईपला कापून कॉम्प्रेशन जॉइंट (पिळून आवळायचा जोड) घालणं हाच उपाय, आणि तो जॉइंट तालुक्याच्या कुठल्याही शेतीच्या दुकानात मिळतो.

व्हाळातलं काम

आधी टेकू. बेचक्याची एक जाड काठी व्हाळाच्या तळात दगडांत रोवून पाईप सॉकेटशेजारी वर उचलला, दोन्ही लांब्या एका ओळीत येईपर्यंत. वर गेल्यावर चीर जवळजवळ मिटली. हे महत्त्वाचं, कारण पट्टी ज्या आकारात कडक होते तोच आकार राहतो. झोल असताना गुंडाळली असती तर झोलासकट गोठली असती. टेकू काढायचा नाही, असंही तेव्हाच ठरलं. पट्टीच्या बळावर छत्तीस किलो टांगून ठेवायचं काहीच कारण नव्हतं.

मग कुंडीतून पाईप सोडवला आणि खालच्या घरातला नळ उघडा ठेवून लाईन रिकामी होऊ दिली. गळत्या सांध्यावर पट्टी गुंडाळायची नसते. आतून येणारं पाणी रेझिन धुऊन नेतं.

पाऊस होताच. दोघांनी प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर धरला आणि खाली मी तारेच्या ब्रशने गंज काढायला लागलो. पापुद्रे निघून चकाकी येईपर्यंत घासायचं, मग पॉलिश पेपर, मग कोरडं फडकं. चिरेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच. सॉकेटचा वरचा भाग चांगला निघाला. पोटाकडची बाजू, जी दिसत नाही आणि जिथे ब्रश आडवा पडतो, ती तेवढी निघाली नाही. पुढे तिने आपली आठवण दिलीच.

एम-सीलचे दोन रंग एक होईपर्यंत मळले, त्याची वात केली आणि चिरेत अंगठ्याने दाबत गेलो. वरून कडा सॉकेटवर आणि पाईपवर चापून बसवल्या. त्याच्यावर ट्यूबची पट्टी, सुंभ न वापरता, तिचीच टोकं फेऱ्यांखाली खोवून. सॉकेट जाड आणि पाईप बारीक असल्याने तिथे पायरी पडते. ट्यूबच्या जास्तीच्या फेऱ्या पाईपच्या बाजूला देऊन ती पायरी उतरती केली. पायरी तशीच राहिली असती तर वरच्या पट्टीखाली पोकळी राहिली असती, आणि पोकळीवरची पट्टी अंड्याच्या कवचासारखी फुटते.

काकांचं म्हणणं होतं की बांबूच्या चार कामट्या पण घाला, मोडलेल्या हाताला घालतात तशा. कल्पना चुकीची नव्हती. सुटी काठी किंवा तंबूचा दांडा असता तर कामटी घातलीच असती. पण इथे लांबीचा हिशेब आडवा आला. ट्यूबसकट जाडी चौरेचाळीस मिलिमीटर झाली होती, म्हणजे घेर चौदा सेंटीमीटर. पन्नास इंच म्हणजे एकशे सत्तावीस सेंटीमीटर. फेऱ्या झाल्या नऊ. कामट्या घातल्यावर घेर वाढून फेऱ्या सातवर आल्या असत्या. पट्टीची ताकद थरांत आहे. अर्धी अर्धी चढवत पाच इंचांच्या पट्ट्यात एकदा जाऊन परत यायला नऊ फेऱ्या जेमतेम पुरतात आणि तेव्हा कुठे चारेक थर मिळतात. खाली टेकू होताच. कामट्या वगळल्या.

पाकीट एकच असल्यामुळे गुंडाळण्याची तालीम जुन्या लुंगीच्या दोन इंची पट्टीवर घेतली. कुठून सुरू करायचं, व्हाळाच्या बाजूने हात कसा जाईल, रीळ पाईपच्या पलीकडून कोण घेईल. हास्यास्पद दिसतं, पण पाकीट फोडल्यावर हातात तीन ते पाच मिनिटं असतात. आणि भाद्रपदातल्या कोकणच्या हवेत तर पट्टी पाण्यात बुडवण्याआधीच कामाला लागलेली असते.

हातमोजे पुतण्याने पाकिटातलेच काढले. याबाबत हयगय नको. ओलं रेझिन कातडीला लागलं तर साबणाने निघत नाही. कडक होण्याआधी नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनने पुसलं तर निघतं, नंतर कातडीबरोबरच झडतं. आयसोसायनेटमुळे काहींना कातडीची आणि श्वासाची ॲलर्जी जडते आणि ती एकदा जडली की पुढे थोड्याशा संपर्कानेही उसळते. एका चुलतभावाला दमा आहे; त्याला काठावरच थांबवलं.

पाकीट फोडलं, रीळ बादलीत चार-पाच सेकंद बुडवलं, दोनदा दाबलं, आणि सॉकेटच्या बाजूने सुरुवात केली. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या अर्ध्यावर चढवत, होईल तेवढी ओढून. पट्टी सुरुवातीला मधासारखी चिकट असते. तिसऱ्या-चौथ्या फेरीला ती थोडी तटतटते आणि फेस दिसू लागतो. तोच तो वायू. परतीच्या फेऱ्यांना जोर लागत होता. शेवटचं टोक दाबून धरलं, वर प्लॅस्टिकच्या पिशवीची पट्टी कचकचीत गुंडाळली, तिला टाचणीने भोकं पाडली म्हणजे वायू निघेल आणि थर दाबलेले राहतील. मोज्यातून ऊब लागत होती. थोड्या वेळाने पिशवी सोडली, तर आत करडं, खरखरीत, खणखणीत वाजणारं कवच.

अर्ध्या तासात ते हाताला पक्कं लागतं, पण पूर्ण ताकद यायला एक दिवस धरावा. घरून निरोपावर निरोप येत होते. तरी पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीच सोडलं.

पाणी सोडल्यावर

धार बंद. खालून "पाणी इला गे!" अशी हाक वाडीभर गेली. सांध्यावर मात्र एक थेंब धरत होता, आणि तो आम्ही बंद केलेल्या चिरेकडून येत नव्हता. सॉकेटच्या दुसऱ्या तोंडाकडून येत होता, जिथे आधी गळती नव्हतीच.

याचं कारण आटे. आटे म्हणजे एक लांब गोल जिना असतो. सांधा जोडताना आट्यांत भरलेला सफेदा आणि सूत जुनं होऊन झडलं की तो जिना रिकामा होतो. एका तोंडाला बूच बसलं की पाणी त्या जिन्यावरून उलट दिशेला चढतं आणि दुसऱ्या तोंडाशी निघतं. बाहेरून गुंडाळलेल्या कुठल्याही दुरुस्तीत हे होऊ शकतं, म्हणून गुंडाळायचंच असेल तर अख्खं सॉकेट दोन्ही बाजूंनी झाकण्याएवढी पट्टी हाताशी असावी. आमच्याकडे नव्हती. थेंब चालवून घेतला. काही दिवसांत तो गंज धरून जवळपास थांबला, जुन्या जीआयमध्ये असं होतं.

दाबाचा बंदोबस्त मात्र त्याच दिवशी केला. सर्वांत खालच्या घराच्या टाकीतला बॉलकॉक सोडवून ठेवला, ओव्हरफ्लोला एक पाईप जोडून तो माडांच्या आळ्यांत सोडला. रात्रभर लाईन वाहती राहिली. पावसाळ्यात झरा भरून वाहतो, पाणी वाया जाण्याची चिंता नाही. एप्रिल-मे असता तर हा उपाय कोणी सुचवलाही नसता. सांध्यावरचा दाब दहाव्या हिश्श्यावर आला. माझ्या मते दुरुस्ती टिकण्यात पट्टीइतकाच वाटा त्या बॉलकॉकचा आणि बेचक्याच्या काठीचा आहे. दोन्हींना पैसे पडले नाहीत.

गौरी-गणपती गेले, प्लंबर आला. त्याने कवचावर पाना आपटून पाहिला. "ह्या आता करवतीशिवाय सुटाचा नाय." खरंच नाही सुटत. गरम करून, रसायन लावून काही होत नाही; कापणं एवढाच मार्ग. म्हणून युनियन (खोलता येणारा जोड), व्हॉल्व्ह, मीटर, पुढे कधी खोलावं लागेल अशा कशावरही ही पट्टी चढवू नये. कापताना काचेची धूळ उडते, तेव्हा तोंडाला फडकं आणि पाण्याची धार.

त्याने दोन्हीकडून कापलेला तो तुकडा मी मागून घेतला आणि उभा चिरला. आतले थर खडूच्या रेघांसारखे वेगवेगळे दिसत होते. पट्टीचे चार, कुठे तीन; त्याखाली काळं रबर; मग एम-सीलची पांढुरकी वात चिरेत पार आतपर्यंत दाबली गेलेली. ते आतवर जाणं पट्टीच्या दाबाचं काम, नुसत्या अंगठ्याने ते तिथवर पोचलं नसतं. सॉकेटच्या पाठीवर पट्टी इतकी बसली होती की छिन्नीने काढताना धातूची चकाकी तिच्याबरोबर ओरखडली. पोटाकडे मात्र ती सहज उचकटली, आणि तिच्या आतल्या अंगाला गंजाचा तपकिरी पापुद्रा अख्खा चिकटून आला. पट्टीने पकडलं होतं ते गंजाला. गंजाने लोखंड केव्हाच सोडलं होतं.

कुठे चालेल, कुठे नाही

हा प्रकार पाहून वाडीत पट्टीला एकदम भाव आला. कोणी विचारलं गॅसच्या पाईपला चालेल का. नाही, कधीच नाही. गॅसची नळी बदलायची असते. शिडीची मोडलेली पायरी? नाही. जिथे दुरुस्ती सुटली तर माणूस पडेल, तिथे पट्टी नको. दुचाकीचा सायलेन्सर? साध्या पट्टीला ती उष्णता झेपत नाही. पंपाच्या डिलिव्हरीला, म्हणजे पंपातून पाणी पुढे नेणाऱ्या पाईपला? पंप चालू-बंद होताना पाईपला जो हादरा बसतो तो आमच्या सव्वा किलोच्या कितीतरी पट असू शकतो, तेव्हा तिथेही नको. टिकावाचा, खोऱ्याचा उभा चिरलेला दांडा, खुर्चीचा पाय, छत्रीची मूठ, बागेतल्या नळाचा लोखंडी उभा पाईप, इथे मात्र खुशाल.

एकाने विचारलं, ट्रेकमध्ये कोणाचा पाय मोडला तर हेच घालायचं का. प्रश्न स्वाभाविक आहे आणि उत्तर ठाम नाही असंच आहे. ताज्या मोडीला सूज येते. आवळून घातलेलं कडक कवच रक्तपुरवठा तोडू शकतं. शिवाय दुरुस्तीच्या पट्टीतली उष्णता आणि रेझिन कातडीसाठी नसतं. पायाला काठ्या आणि कापड बांधून खाली आणावं.

ट्रेकच्या काठीसाठी पुतण्याने ती सॅकमध्ये ठेवली होती ते योग्यच. ॲल्युमिनियमची नळी मुडपली की आत किंवा बाहेर कामटी धरून चार थर दिले तर उतरणीला आधार देण्याइतकी ती होते. फक्त ती काठी परत आत सरकत नाही, हे आधी लक्षात घ्यावं, नाहीतर बसमध्ये अडचण. तंबूच्या दांड्याला मात्र मी छोटी धातूची नळी बाळगेन. दांड्याने वाकायचं असतं आणि कवच त्याला वाकू देत नाही.

प्लंबरने जीआय पुन्हा टाकलाच नाही. दोन्ही काठांवरचे खांब दोन चिऱ्यांनी उंच केले, मधला खांब सिमेंटमध्ये बांधला, आणि त्यांच्यावरून एक जाड रिकामा लोखंडी पाईप टाकून त्याच्या आतून काळा पाईप सलग ओवून घेतला. व्हाळावर आता एकही सांधा नाही. दोन कॉम्प्रेशन जॉइंट काठापासून लांब, हात पोचेल अशा जागी. मांगरात एका डब्यात दोन जादा जॉइंट, ट्यूबच्या पट्ट्या, एम-सील, तारेचा ब्रश आणि पट्टीची दोन पाकिटं ठेवली आहेत, यावेळी चार इंच रुंदीची. मे महिन्यात लाईन साफ करायला माणसं जमतात तेव्हा पाकिटं दाबून पाहायची, हे काकांनी स्वतःकडे घेतलं आहे. बॉलकॉक परत जागेवर बसवला, तेव्हा खालच्या घरातल्या काकू थोड्या हिरमुसल्या. आळ्यांना आयतं पाणी मिळत होतं.